मदत हवी आहे : निवृत्त सैनिकांच्या आठवणी नोंदवताना प्रश्न कसे विचारावेत?

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाला मिलिटरी अपशिंगे म्हणतात आणि पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या तिथल्या ४६ जणांचे स्मारकही आहे. त्याच परिसरातील आमच्या गावातल्या निवृत्त सैनिकांच्या आठवणी मी सध्या ध्वनिमुद्रित करत आहे.

भरती का झालात, असे विचारले की बहुतेक जण प्रथम देशसेवा म्हणतात, आणि ते खरेच असते. परंतु बोलणे लांबले की दोन एकरांची कोरडवाहू जमीन, बहिणीचे लग्न, आजोबांची पलटण आणि १५ वर्षांच्या सेवेनंतर मिळणारे निवृत्तिवेतन या गोष्टीही हळूहळू बाहेर येतात. यांतले एक कारण खरे आणि दुसरे खोटे, असे मला वाटत नाही.

अडचण येते ती परतल्यानंतरच्या काळाविषयी बोलताना. माझे थोरले बंधू मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून चव्वेचाळिसाव्या वर्षी घरी आले, तेव्हा मुलगी दहावीत होती आणि वडील म्हणून तिच्याशी काय बोलावे हे त्यांना सुचत नसे. आता ते बँकेत सुरक्षारक्षक आहेत. सियाचीनविषयी दादा तासभर बोलतात, त्या पहिल्या वर्षाविषयी मात्र गप्प होतात.

आपल्यापैकी कुणी माजी सैनिक असल्यास, किंवा अशा मुलाखती घेतल्या असल्यास, हा विषय त्यांना न दुखावता कसा काढावा, आणि घरच्यांशी आधी बोलावे की नंतर, हे कृपया सांगावे.