विधानसभेचं मतदान दिवाळीआधीच घ्या, मेळघाटातला मजूर तेव्हाच गावात असतो

मेळघाटकर
2014 ला विधानसभेचं मतदान 15 ऑक्टोबरला झालं, 2019 ला 21 ऑक्टोबरला. दोन्ही वेळी दिवाळी व्हायची होती, धारणी-चिखलदऱ्याकडची माणसं गावात होती. 2024 ला मात्र 20 नोव्हेंबर. दिवाळी झाली की कोरकू आदिवासी कुटुंबं लेकराबाळांसह कामासाठी डोंगरातून खाली उतरतात, ती बरीचशी होळीलाच परततात. नाव यादीत, माणूस परमुलखात. विधानसभेची मुदत संपण्याआधीच्या सहा महिन्यांत केव्हाही अधिसूचना काढता येते. मग 2029 ला दिवाळीआधी मतदान घ्यायला अडचण काय? ही मागणी आतापासून लावून धरली पाहिजे.

वणीचा कास्तकार
भाऊ, तारखेनं काय होते? ऑक्टोबरात आमच्या इकडे सोयाबीनची सोंगणी (कापणी) असते, कापसाचा पहिला वेचा असते. मजूर बूथवर जाईल का वावरात? जो जिथं राह्यते त्यानं तिथं नाव लावावं, पत्ता बदलाचा नमुना 8 भरला की झालं. गावात घर आहे एवढ्यानं कोणी तिथला रहिवासी ठरत नाही, कायद्यात साफ आहे. पुण्यात पंधरा वर्षांपासून नोकरी करणारे आमच्या गावच्या यादीत कायले पाहिजेत? सरपंचाच्या निवडणुकीत त्यायले गाड्या करून आणतात अन् रोज गावात राहणाऱ्याच्या मताची किंमत जाते.

मेळघाटकर
लोकप्रतिनिधित्व कायद्याचं (1950) कलम 20 तुम्ही अर्धंच सांगितलं. त्याच कलमात पुढे आहे की तात्पुरता बाहेर गेल्याने माणसाचं रहिवासीपण संपत नाही. पंधरा वर्षांचा नोकरदार आणि चार महिन्यांसाठी वीटभट्टीवर गेलेला मजूर एका मापाने मोजू नका. भट्टीवरच्या पालाचा पत्ता कोणत्या कागदावर दाखवायचा? शिवाय दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्याच यादीवरून बनते, म्हणजे तिकडे नाव लावलं की गावातलं तेही मत गेलं.

यवतमाळची ताई
मी बीएलओचं, म्हणजे बूथची मतदार यादी तपासणाऱ्या अधिकाऱ्याचं काम केलं आहे, म्हणून सांगते. घराला कुलूप दिसलं की 'स्थलांतरित' शेरा मारायची घाई होते. नाव काढण्याआधी त्या माणसाला म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. शेजारणीला नुसतं विचारलं तरी कळतं, परत येतात की कायमचे गेले. तारखेच्या वादात हे विसरू नका, कारण नावच उडालं तर तारीख कोणतीही असो. मतदानाच्या दिवसाची भरपगारी सुट्टी रोजंदारीवाल्यालाही आहे, पण एका दिवसाच्या मजुरीत भट्टीवरून मेळघाटात येऊन परत जाणं होत नाही.

वणीचा कास्तकार
ताई, तुमचं पटलं. दूरच्या मजुराला आहे तिथूनच गावचं मत देता यावं म्हणून निवडणूक आयोगानं 2022 च्या डिसेंबरात मतदान यंत्राचा नमुना जाहीर केला होता, एकाच यंत्रावर 72 मतदारसंघ. पुढच्या महिन्यात पक्षायले बोलावलं, विरोध झाला अन् गाडं अडलं. माझाही विरोधच आहे. मेळघाटच्या उमेदवाराचा पोलिंग एजंट सुरतेत कोण बसवणार? पैसेवाल्याचा बसेल, गरिबाची खुर्ची रिकामी.

मेळघाटकर
एजंटची अडचण खरी आहे. म्हणूनच तारीख म्हणतो. त्याला यंत्र नको, नवा कायदा नको. 2024 ला उशिराचं कारण पाऊस आणि सणवार सांगितलं गेलं. सणांचा विचार होतो, तर पोटासाठी गाव सोडणाऱ्यांचाही व्हावा. ग्रामसभांनी ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावेत, त्यात सोंगणीनंतरची तारीख मागावी.

वणीचा कास्तकार
2029 ला दिवाळी 5 नोव्हेंबरला आहे. सोंगणी आटोपून त्याआधी एखादा दिवस निघते. आमच्या ग्रामसभेत मी ठराव मांडतो. पण पुण्यावाल्यांच्या नावांवर नाव वगळायचा नमुना 7 भरून हरकत घेणारच, त्यात तडजोड नाही.