मदत हवी आहे: थर्मोपिलीच्या स्मृतिलेखातले 'अंगेल्लेइन' कसे लावायचे?

मंडळी, प्राचीन ग्रीक शिकलेल्यांकडून एका क्रियापदाबद्दल मदत हवी आहे.

इ. स. पू. 480 मध्ये थर्मोपिलीच्या खिंडीत इराणी सैन्याशी लढताना पडलेल्या स्पार्टनांचा स्मृतिलेख ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने आपल्या इतिहासाच्या सातव्या खंडात दिला आहे:

ओ क्सेइन', अंगेल्लेइन लाकेदाइमोनिओइस होति तेदे
केइमेथा, तोइस केइनोन ऱ्हेमासि पेइथोमेनोइ.

वाटसरा, लाकेदाइमोनच्या (म्हणजे स्पार्टाच्या) लोकांना सांग, की त्यांचा शब्द पाळून आम्ही इथे पडलो आहोत.

'केइमेथा' ('आम्ही पडलो आहोत') लागते: प्रथमपुरुषी अनेकवचन, वर्तमानकाळ. संस्कृत 'शी' धातूशी त्याचे नाते आहे आणि त्याच्यासारखेच ते आत्मनेपदी चालते. संस्कृत 'शेते' ('तो निजतो') येणाऱ्याला ग्रीक 'केइताइ' ('तो पडला आहे') परके वाटत नाही. 'पेइथोमेनोइ' ('पाळणारे')ही सरळ आहे, 'आम्ही'शी जुळणारे प्रथमेतले धातुसाधित.

अडते ते 'अंगेल्लेइन'पाशी. '-एइन' हा इन्फिनिटिव्हचा प्रत्यय, म्हणजे शब्दशः 'सांगणे'. हाक मारल्यावर आज्ञार्थ यायला हवा ना? नंतरच्या लेखकांनी दिलेल्या पाठात तो आहेही: 'आंगेइलोन', एओरिस्ट (क्रिया चालू नव्हे, एकसंध म्हणून दाखवणारे रूप) आज्ञार्थ. आधी वाटले, 'आम्ही विनवतो' असे काही अध्याहृत असेल. पण होमरमध्ये असा प्रयोग सर्रास आहे. त्याच्या इलियड या महाकाव्याच्या पाचव्या सर्गात अथीना देवी दिओमेदेस या ग्रीक योद्ध्याला 'माखेस्थाइ', म्हणजे 'लढणे', असेच सांगते आणि सोबतचे 'थार्सोन' ('धीर धरून') प्रथमेत आहे. 'सांगते' वगैरे अध्याहृत धरले तर तिथे द्वितीया अपेक्षित होती. म्हणजे इन्फिनिटिव्ह स्वतःच आज्ञेचे काम करतो, असे मी धरतो.

आपल्याकडे जुन्या पत्रांत 'सत्वर निघोन येणे' असा हुकूम असतो, देवळाबाहेर आजही 'पादत्राणे बाहेर काढणे' लिहिलेले असते. या 'णे'त समोरचा माणूस कोण, हे महत्त्वाचे राहत नाही. जो वाचेल त्याला ते लागू. शिलालेखाला हा सूर फार शोभतो, म्हणून मला हिरोडोटसचाच पाठ जास्त भिडतो.

आता विचारायचे ते हे. इथला इन्फिनिटिव्ह होमरच्या काव्यभाषेचा संस्कार मानायचा, की लेखी आदेशाची रीत? आणि एओरिस्टचा इन्फिनिटिव्ह 'अंगेइलाइ' नसून वर्तमानाच्या अंगाचे रूप आहे, त्यातून 'येणाऱ्या प्रत्येकाने सांगत राहावे' अशी छटा काढणे व्याकरणाला धरून होईल का? मी या दोन ओळी मराठीत आणतो आहे. 'सांग', 'सांगावे' आणि 'सांगणे' यांतले एक ठरवायचे आहे. इतर ग्रीक स्मृतिलेखांतली अशी उदाहरणे कुणी दिली तर फार उपयोग होईल.