हॉटेलवाल्यावर पात्र बेतलं म्हणजे बदनामी का?

ठाण्याची_ठकी: काल इथे कुणीतरी लिहिलंय की इंग्लिश विनोदी नट-लेखक जॉन क्लीजने ‘फॉल्टी टॉवर्स’ या टीव्ही मालिकेत इंग्लंडातल्या टॉर्की गावच्या त्या हॉटेलवाल्या डोनाल्ड सिंक्लेअरची अब्रू घालवली आणि असले लेखक म्हणजे आयत्या बिळावरचे नागोबा. डोकंच फिरलं. अहो, 1970 ला क्लीज आणि त्याच्या ‘मॉन्टी पायथन’ या विनोदी चमूची मंडळी त्याच्या ग्लेनईगल्स हॉटेलात उतरली, टेरी गिलियम अमेरिकन पद्धतीने काटा धरून खातोय म्हणून हा भर जेवणात टोकतो, एरिक आयडलच्या बॅगेत घड्याळ टिकटिकतंय तर बॉम्ब समजून बॅग पार भिंतीपलीकडे नेऊन ठेवतो! बाकीचे वैतागून दुसरीकडे गेले, क्लीज राहिला. का राहिला असेल? आणि असा माणूस नुसता बघून मालिकेतला तो तिरसट हॉटेलमालक बॅझिल फॉल्टी तयार होत नाही, सहलेखिका कॉनी बूथ आणि त्याने घासूनपुसून लिहिलं, 1975 आणि 1979 मिळून फक्त 12 भाग.

निवांत_नाना: तो कुणीतरी मीच. नेव्हीत युद्ध बघितलेला माणूस तो. 2002 ला त्याच्या बायकोला पेपरात सांगावं लागलं की आमचे हे असे नव्हते, तोवर त्याला जाऊन वीसेक वर्षं झालेली.

ठाण्याची_ठकी: बायको सांगणारच. आमची आत्यापण म्हणते ‘ह्यांचा स्वभाव शांत’. ह्यांनी गॅसवाल्याला सिलिंडरसकट तीन मजले परत उतरवलेलं आम्ही पाहिलंय.

रत्नांग्रीकर: आमच्याकडे तर उलटं. अंतू बर्वा म्हणजे आमचेच आजोबा, असं सांगणारे आळीआळीत आहेत. माझे चुलते लग्नकार्यात मिरवतात यावर. कसली बदनामी?

निवांत_नाना: पुलंनी माया लावून लिहिलं. क्लीजने सूड उगवला.

समुद्राकाठी: झोडा सगळे हॉटेलवाल्याला. माझं गुहागरकडे घरगुती राहण्याजेवणाचं आहे. रात्री साडेअकराला फोन, काका सुरमई फ्राय मिळेल का? ओल्या वाळूसकट गादीवर लोळतात, चादरीला पाय पुसतात, वर एक स्टार कशाबद्दल तर लाटांचा आवाज येतो. लाटा मी बंद करू? सिंक्लेअरने बॅग बाहेर ठेवली, मला माणसं ठेवावीशी वाटतात.

ठाण्याची_ठकी: एक स्टार मीपण दिलाय कोकणात. दुसरी बादली गरम पाणी मागितलं तर मालक म्हणे, घरी एवढं लागतं का?

समुद्राकाठी: मे महिन्यात टँकर मागवतो आम्ही बाई. ठाण्यात बसून बोलायला काय जातं?

ठाण्याची_ठकी: बाई कुणाला म्हणता? आणि पैसे मोजले होते, फुकट नव्हते राहिले!

रत्नांग्रीकर: विषय काय होता?

निवांत_नाना: विषय गेला खड्ड्यात, काकांचं बरोबर आहे. बरं, बॅगेचं अति झालं, मान्य. क्लीज जीनियस, हेही लिहून दिलं, फ्रेम करून लावा. पण उद्या तुमच्या आत्याच्या ह्यांच्यावर कुणी मालिका काढली तर पहिल्या वकिलाकडे तुम्हीच धावाल.

ठाण्याची_ठकी: वकील कशाला, मीच लिहितेय. गॅसवाल्याचा सीन झालाय लिहून.

समुद्राकाठी: ते असू दे. गरम पाण्याचं कुठल्या गावात झालं ते सांगा आधी.