मदत हवी आहे : 5 टनांचा गिअरबॉक्स, हुकाखाली जागा कमी, 2 टनी बेल्ट चालतील का?

मंडळी, रिगिंगच्या (अवजड माल उचलण्या-हलवण्याच्या) जाणकारांचा सल्ला लवकर हवा आहे.

शिरोली एमआयडीसीत आमचं दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. साखर कारखान्याच्या मिलचा गिअरबॉक्स ओव्हरहॉल होऊन तयार आहे, हंगामाआधी पोचवायचाय. नेमप्लेटवर वजन 4,800 किलो, पण ते तेलाशिवायचं. टेस्टिंगचं तेल अजून आतच आहे, म्हणून मी 5 टन धरतोय. ईओटी क्रेन (शेडच्या छताखाली रुळांवर चालणारी) साडेसात टनांची, तिची चिंता नाही. अडचण उंचीची आहे. ट्रेलरवर चढवताना हुक पूर्ण वर नेला तरी हुक आणि आय बोल्ट (गिअरबॉक्सवरचे उचलण्याच्या कडीचे बोल्ट) यांच्यात जेमतेम 700 मिमी उरतात. कर्णातल्या दोन आय बोल्टमध्ये अंतर 2.4 मीटर. म्हणजे उचलायचे बेल्ट (स्लिंग) आडव्या रेषेशी फक्त 30 अंशांत राहणार.

खलाशांचे (अवजड माल हलवणाऱ्या कामगारांचे) मुकादम म्हणतात, "चार बेल्ट, एकेकाला सव्वा टन. हिरवा बेल्ट दोन टनांचा असतो, मग भ्यायचं कशाला?" त्यांचा अनुभव मोठा आहे, पण माझा हिशेब जुळत नाही. 30 अंशांवर बेल्टवरचा ताण वाट्याला आलेल्या वजनाच्या दुप्पट होतो. चौघांनी सारखा भार घेतला तरी एकेकावर अडीच टन. आणि सारखा भार कधी येतच नाही. गिअरबॉक्सची बॉडी ताठ, एखादा बेल्ट जरा लांब निघाला की तो ढिला पडतो आणि सगळं वजन कर्णातल्या दोघांवर. मग एकेकावर 5 टन! 60 अंश मिळाले असते तर हेच 2.9 टन झालं असतं.

बेल्टला 7 चा सेफ्टी फॅक्टर असतो, म्हणजे लिहिलेल्या वजनाच्या सातपटीपर्यंत तो तुटत नाही, हे त्यांचं दुसरं म्हणणं. तो झीज आणि झटक्यांसाठी आहे, जास्त वजन टांगायला नाही. शिवाय दोन बेल्टांची लेबलं गेलीत, एकाची कड पिंजलेली आहे. ते तिन्ही मी बाजूला काढून ठेवलेत.

आय बोल्टची धास्ती त्याहून जास्त वाटते. एम30 (30 मिमी आट्यांचे), डीन 580 या जर्मन मानकाचे आहेत. सरळ वर ओढले तर 3.2 टन, 45 अंशांवर 2.3 टन, त्याहून आडव्या ओढीला ते वापरायचेच नसतात. एकाची कॉलर नीट टेकलेली नाही, खालच्या फटीत पोस्टकार्ड सहज जातं.

मला दोन मार्ग दिसतात. एक, एच आकाराची लिफ्टिंग फ्रेम, म्हणजे चारही ओढी सरळ उभ्या येतील. पण 700 मिमीत ती बसेल का? मालक म्हणतात आपलाच वेल्डर बनवेल. डिझाइन आणि प्रूफ लोड टेस्ट (जास्त वजन टांगून चाचणी) झाल्याशिवाय तिच्याखाली माणसं उभी करायला माझं मन धजत नाही. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या फॅक्टरी अ‍ॅक्टचं कलम 29 मी त्यांना दाखवलंय: उचलण्याच्या साहित्याची निदान वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी हवी, असं त्यात होतं.

दुसरा मार्ग, टो जॅकने (बुडाशी असलेल्या पट्टीवर ओझं घेणाऱ्या जॅकने) उचलून स्केट्सवर (चाकांच्या बुटक्या गाड्यांवर) बाहेर मोकळ्या जागेत न्यायचा आणि तिथे मोबाईल क्रेनने लांब स्लिंग लावून चढवायचा. माझा कल इकडेच आहे. फक्त दारात 300 मिमी रुंद गटार आहे, वर नुसती जाळी. त्यावरून स्केट नेताना किती जाडीची प्लेट टाकता, आणि ती सरकू नये म्हणून काय करता? क्रेनवाला हायड्रा (माल टांगून चालणारी क्रेन) पाठवतो म्हणतोय. मला आउटरिगरवाली (बाजूला पाय टेकवून उभी राहणारी) क्रेन हवी आहे. हायड्राने असा माल चढवलेल्यांनी रेडियस (क्रेनपासून हुकापर्यंतचं आडवं अंतर) किती ठेवला होता तेही सांगा.

हिशेबात चूक असेल तर स्पष्ट सांगा. उचल शुक्रवारी ठरली आहे, तोपर्यंत मी ती थांबवून धरू शकतो.