फर्मवेअर एकच कर्नल उचलतं, बूट मेनू कसा आणू?

अर्धाबाइट: जुना ३२ बिटचा आर्म बोर्ड आहे, दोन कोरचा. फर्मवेअर फ्लॅशमधल्या ठरलेल्या जागेवरून ४ एमबीपर्यंतची कर्नलची (सिस्टिमच्या गाभ्याची) इमेज रॅममध्ये आणतं आणि तिच्यावर उडी मारतं. बस्स. मेनू नाही, डिव्हाइस ट्री (बोर्डावर कुठलं हार्डवेअर कुठे आहे, हे कर्नलला सांगणारी यादी) तर त्याच्या गावीही नाही. मला एसडी कार्डावरच्या दोन सिस्टिम्सपैकी हवी ती बूट करायचीय. फर्मवेअरला हात लावणार नाही, कारण बिघडलं तर वाचवायला लागणाऱ्या जेटॅगच्या (चिपला थेट जोडायच्या डीबग पोर्टच्या) पिना बाहेर काढलेल्याच नाहीत. यू-बूट (तयार बूटलोडर, म्हणजे सिस्टिम निवडून सुरू करणारा प्रोग्रॅम) पोर्ट करू का?

रिकामापॉइंटर: कर, आणि कर्नलच्या जागी ठेव. फक्त रॅमचं इनिशियलायझेशन वगळ. ते फर्मवेअरनं आधीच केलंय आणि तू त्याच रॅममधून चालतोयस.

जुनंटर्मिनल: यू-बूटमध्ये तुझ्या एसडी कंट्रोलरचा ड्रायव्हर आहे का, ते आधी बघ. नसेल तर आयुष्य त्यातच जाईल. लिनक्समध्ये तो चालतोय ना? मग लिनक्सलाच बूटलोडर कर. केएक्झेक (चालू कर्नलमधून थेट दुसरा कर्नल सुरू करायची सोय) २००५ पासून, म्हणजे २.६.१३ पासून, मुख्य कर्नलमध्ये आहे. पेटिटबूट (असाच लिनक्सवरचा बूटलोडर) त्याच्याच जिवावर चालतं.

छोटा कर्नल बांध: मॉड्यूल्स बंद, नेटवर्क बंद, साउंड बंद, एक्सझेड कॉम्प्रेशन. इनिटरॅमएफएस (बूट होताना रॅममध्ये उलगडणारी छोटी फाइलसिस्टिम) इमेजच्या आतच घाल. त्यात मसलवर (छोट्या सी लायब्ररीवर) स्टॅटिक बांधलेला बिझीबॉक्स (एकाच फाइलमधल्या नेहमीच्या कमांड्स), केएक्झेकची बाइनरी आणि मेनूची शेल स्क्रिप्ट. डिव्हाइस ट्री इमेजच्या शेपटाला जोड, कमांड लाइन कर्नलमध्येच सक्तीची कर. फर्मवेअर काय पाठवतं त्याच्या भरवशावर राहायचंच कशाला? पुढच्या सिस्टिमला मात्र तिचा स्वतःचा डिव्हाइस ट्री दे. मेनूला टाइमआउट हवाच, नाहीतर प्रत्येक रीबूटला सीरियल केबल लावून बसशील.

अर्धाबाइट: मेनू आला! पण केएक्झेक लोड करतानाच 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' म्हणतं.

जुनंटर्मिनल: दुसरा कोर. तुझ्या बोर्डाच्या कोडमध्ये सीपीयू हॉटप्लग (चालू सिस्टिममध्ये कोर बंद-चालू करायची सोय) नसणार. चालू झालेला कोर परत झोपवता येत नसेल तर आर्म ३२ वर कर्नल लोडच नाकारतो, आणि बरोबर करतो. मेनूच्या कर्नलमध्ये एसएमपी (एकापेक्षा जास्त कोर वापरणं) बंद कर. मेनूला एक कोर पुष्कळ झाला. दुसरा फर्मवेअरनं ठेवलाय तिथेच पडून राहील, पुढचा कर्नल त्याला उठवेल.

अर्धाबाइट: झालं, दोन्ही सिस्टिम्स चालू! पण एक थोड्या वेळानं आपोआप रीसेट होते.

जुनंटर्मिनल: वॉचडॉग, म्हणजे वेळेवर हलवला नाही तर बोर्ड रीसेट करणारा टायमर. मेनूत कोणी सुरू केला असेल तर तो केएक्झेकनंतरही मोजतच राहतो. मेनूच्या कर्नलमधून त्याचा ड्रायव्हर काढ. तरीही रीसेट झाली तर तो फर्मवेअरच सुरू करतंय; मग त्या सिस्टिममध्ये वॉचडॉगचा ड्रायव्हर आणि त्याला वेळेवर हलवणारा डीमन (मागे चालत राहणारा प्रोग्रॅम), दोन्ही लागतील.