विषय: केटररला लिहिलेले ‘चालेल’ आणि मंडळाची बांधिलकी

सप्रेम नमस्कार,

गणेशोत्सवाच्या जेवणासाठी पानामागे दर, पदार्थ, तारीख आणि अंदाजे 300 पाने असा तपशील केटररने ई-मेलने पाठवला होता. त्याला मी ‘चालेल, असेच करू’ एवढे उत्तर लिहून खाली नाव टाकले. आता कार्यकारिणीला दुसरीकडे स्वस्त दर मिळत आहे. सही झालेली नाही, विसारही दिलेला नाही. तेव्हा आपण मोकळे आहोत ना?

आपला,
कार्यवाह

---

कार्यवाह महोदय, सप्रेम नमस्कार.

मी वकील नाही, पण उभी हयात धान्यखरेदीत गेली असल्यामुळे लिहितो: मोकळे आहोत असे मुळीच समजू नये.

इथल्याच, कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतामधला जवसाचा दावा पाहावा. मार्च 2021 मध्ये खरेदीदाराने बुशेलला (हे धान्याचे माप) 17 डॉलर दराच्या करारावर सही केली, त्याचा फोटो शेतकऱ्याच्या फोनवर पाठवला आणि करार पक्का करण्याची विनंती केली. शेतकऱ्याने उत्तरादाखल नुसता अंगठ्याचा इमोजी (👍) पाठवला. नोव्हेंबरपर्यंत भाव 41 डॉलरवर गेला आणि जवस काही पोहोचले नाही. निरोप मिळाला एवढेच आपल्याला सांगायचे होते, असे शेतकऱ्याचे म्हणणे पडले. परंतु आधीच्या करारांनाही त्याने ‘ओके’, ‘यप’ अशीच एका शब्दाची उत्तरे देऊन माल पोहोचवला होता, हे ध्यानात घेऊन न्यायालयाने 2023 मध्ये त्याला सुमारे 82 हजार डॉलर भरपाई द्यायला लावली आणि तो अंगठा सही म्हणूनही ग्राह्य धरला. अपिलातही निकाल टिकला. (अंगठा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाच आहे, याला शाई तेवढी नव्हती.)

लंडनच्या अपील न्यायालयाने तर 2012 मध्ये, गोव्याच्या साळगावकर मायनिंगच्या प्रकरणात, ई-मेलांच्या मालिकेलाच लेखी हमी मानले आणि दलालाने शेवटी टंकलेले नाव ही सही ठरवली. तो निकाल इथे बंधनकारक नाही, पण खाली नाव आपणही टाकले आहे.

‘कार्यकारिणीच्या मंजुरीनंतरच पक्के’ एवढे शब्द आपल्या उत्तरात असते, तर गोष्ट वेगळी होती. मागील वर्षी व्यवहार कसा ठरला होता, तेवढे तपासून पाहावे.

आपला,
एक जुना सभासद

---

महोदय,

तपासले. मागच्या दोन्ही वर्षी माझ्या ‘चालेल’वरच जेवण आले आणि बिलही आपण विनातक्रार चुकते केले. कार्यकारिणीला आजच तसे कळवतो.

कार्यवाह