शब्दचर्चा : ‘विश्वासावर राहणे’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, त्रैमासिकासाठी मी एकोणिसाव्या शतकातले इंग्रज मिशनरी हडसन टेलर यांच्यावर लेख लिहिते आहे. चीनमधल्या त्यांच्या आयुष्याबद्दल एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले : ‘टेलर शेवटपर्यंत विश्वासावर राहिले.’ आमच्याकडे हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पण लेखाचा खर्डा ख्रिस्ती नसलेल्या एका मैत्रिणीला दाखवला, तर ती म्हणाली, “कोणाच्या विश्वासावर? त्यांना कोणी फसवलं का?” मग मी ‘गरिबीत राहिले’ लिहिलं, ते खरं वाटेना. ‘साधेपणाने राहिले’ मिळमिळीत झालं. सगळ्यांना कळेल असा शब्द मराठीत आहे का?

प्रतिसाद, पुण्याहून

आहे, आणि एक नाही, दोन आहेत. पहिला ‘आकाशवृत्ती’. ज्याला ठरलेलं उत्पन्न नाही, जे मिळेल त्यावर ज्याचं चालतं, तो आकाशवृत्तीने राहतो. दुसरा ‘अयाचित’, म्हणजे न मागता आलेलं. अयाचित व्रत घेतलेला माणूस कोणापुढे हात पसरत नाही, कोणी आणून दिलं तर घेतो. ‘माधुकरी’ मात्र वापरू नका, तिच्यात दारोदार जाणं आहे.

प्रतिसाद, नगरहून

ताई, तुमच्या मैत्रिणीचा गोंधळ अगदी रास्त आहे. व्यवहारातल्या मराठीत आपण माणसाच्या विश्वासावर राहतो आणि मग बहुधा पस्तावतो. मंडळीतल्या मराठीत मात्र हा प्रयोग ‘नीतिमान विश्वासाने जगेल’ या वचनातून आला आहे. तिथे ‘विश्वास’ म्हणजे देवावरचा भरवसा आणि ‘जगणे’ म्हणजे अगदी भाकरीपर्यंतचं जगणं. पूर्वी आमच्या मिशन कंपाउंडात ‘ते पगारी आहेत’ आणि ‘ते विश्वासावर आहेत’ असे दोन सरळ प्रकार मानले जात. (जाता जाता, ‘पाद्री’ आणि ‘पगार’ हे दोन्ही शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आले.)

पुण्याच्या सरांचे दोन्ही शब्द सुंदर आहेत, पण टेलर यांना ते पुरते बसत नाहीत. का ते त्यांच्याच आयुष्यातल्या एका रात्रीवरून सांगतो.

चीनला जाण्याआधी, १८५१-५२ च्या सुमारास, टेलर इंग्लंडमधल्या हल शहरात एका डॉक्टरांच्या हाताखाली शिकत होते. वय जेमतेम एकोणीस-वीस. एका गरीब वस्तीत भाड्याची खोली, खायला ओट आणि तांदूळ, आणि मिळकतीचा मोठा भाग दानात. डॉक्टर विसरभोळे. पगाराची तारीख आली की आठवण कर, असं त्यांनीच सांगून ठेवलेलं. टेलर यांनी ठरवलं की डॉक्टरांना आठवण करायची नाही, देवाला करायची. चीनमध्ये आपला कोणावरही हक्क असणार नाही, मागायचं ते देवाकडेच. मग माणसाचं मन वळवायचं ते देवामार्फत, फक्त प्रार्थनेने, हे इंग्लंड सोडण्याआधीच शिकायला हवं, अशी त्यांची धारणा होती.

एकदा पगार थकला. खिशात फक्त एक हाफ-क्राउन उरला, म्हणजे अडीच शिलिंगांचं एकच नाणं. रविवारी रात्री दहाच्या सुमाराला एक गरीब माणूस त्यांना घेऊन गेला, बायको मरणाला टेकली होती, प्रार्थना करा म्हणाला. वर खोलीत गाल बसलेली चार-पाच मुलं आणि दीड दिवसाचं बाळ घेऊन पडलेली आई. टेलर यांच्या मनात आलं, या नाण्याची मोड असती तर यांना एक शिलिंग खुशीने दिला असता. थोड्या वेळाने वाटलं, दीड दिला असता. मग दोन. सगळं द्यायला मात्र मन होईना, कारण घरी फक्त रात्रीची आणि सकाळची लापशी होती, दुपारचं काही नव्हतं. गुडघे टेकून त्यांनी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणायला सुरुवात केली आणि शब्द घशात अडकले. पिता म्हणायचं आणि अडीच शिलिंगांवाचून त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही, हे त्यांना सहन होईना. कशीबशी प्रार्थना संपवून त्यांनी ते नाणं देऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टपालाने एक पाकीट आलं. आत हातमोजे, आणि मोजे काढताना खाली पडलं ते सोन्याचं अर्धं सॉव्हरिन. म्हणजे दहा शिलिंग, दिल्याच्या चौपट.

आता शब्दांकडे. आकाशवृत्तीत मिळेल ते स्वीकारणं आहे, पण आकाशाला कोणी नाव घेऊन हाक मारत नाही. अयाचितात मागणंच नाही. टेलर यांचं आयुष्य मागण्याने भरलेलं आहे! रोज मागणं, नेमकं मागणं, कधी आकडा सांगून मागणं. २५ जून १८६५ ला ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांनी चोवीस कामकरी, म्हणजे मिशनरी, मागितले. चीनच्या ज्या अकरा प्रांतांत एकही प्रॉटेस्टंट मिशनरी नव्हता तिथे दोन-दोन, आणि मंगोलियासाठी दोन. ती मागणी त्यांनी बायबलच्या समासात लिहून ठेवली आणि दोन दिवसांनी दहा पौंडांवर आपल्या नव्या संस्थेचं, चायना इनलँड मिशनचं, बँकखातं उघडलं. पुढल्या वर्षी मे महिन्यात ‘लॅमरम्युअर’ जहाजाने पहिली मोठी तुकडी निघालीसुद्धा.

म्हणून माझं मत असं : ‘अयाचित’ माणसांच्या बाजूने खरं, देवाच्या बाजूने खोटं. ‘विश्वासावर राहणे’ म्हणजे आपली गरज कोणाला सांगायची हे ठरवून राहणे. मराठीत ‘मागणे’ या एकाच क्रियापदात भीक मागणंही येतं आणि मुलाने आईकडे खाऊ मागणंही येतं. टेलर यांचं मागणं दुसऱ्या जातीचं होतं. लेखात हा फरक एका वाक्यात आणता आला तर तुमच्या मैत्रिणीलाही पटेल.

प्रतिसाद, मुंबईहून

प्रामाणिक शंका आहे, राग नसावा. ही संस्था हिशेब छापत असे, नियतकालिक काढत असे. लोकांना गरज कळत होतीच. मग ‘माणसांकडे मागितलं नाही’ म्हणणं कितपत खरं?

प्रतिसाद, नगरहून

राग कसला, विचारलंत ते बरं केलंत. नियम असा होता की पैशाचं आवाहन करायचं नाही, सभेत झोळी फिरवायची नाही, कर्ज काढायचं नाही. कामाची हकीकत मात्र मोकळेपणाने सांगायची. हकीकत ऐकून कोणी दिलं तर ते देणाऱ्याचं आणि देवाचं. ही रेघ बारीक आहे, हे मी मानतो. पण ती सोयीसाठी ओढलेली नव्हती. ज्या संस्थेने टेलर यांना १८५३ मध्ये चीनला धाडलं, ती उधारीवर चालत होती. ‘कोणाचे ऋणी राहू नका’ हे वचन असताना देवाचं काम कर्जावर कसं चालवायचं, म्हणून १८५७ मध्ये त्यांनी तिचा राजीनामा दिला आणि परक्या मुलुखात होता तो आधारही सोडला. १९०० च्या बॉक्सर उठावात, म्हणजे परकीयांविरुद्धच्या चिनी बंडात, चायना इनलँड मिशनची ५८ माणसं आणि २१ मुलं मारली गेली. परकी सरकारं चीनकडून भरपाई वसूल करत होती. या मिशनने ती घेतली नाही. जो माणसांकडे मागत नाही तो माणसांकडून वसूलही करत नाही. मला तरी यात वृत्ती एकच दिसते.

प्रतिसाद, दौंडहून

‘साधेपणाने राहिले’ला मिळमिळीत म्हणालात, त्यावर थोडं. टेलर यांचा साधेपणा नुसता काटकसरीचा नव्हता. शांघायमधले परदेशी लोक आपापल्या वस्तीत, आपल्याच रीतीने राहत. टेलर यांनी १८५५ मध्ये चिनी पोशाख घातला, कपाळावरचे केस भादरले आणि पाठीवर वेणी सोडली. स्वतःच्याच लोकांनी नाकं मुरडली, कारण त्यांच्या लेखी ते खाली उतरणं होतं. गावातल्या लोकांना मात्र ते बोलण्याजोगे वाटू लागले. याला ‘साधी राहणी’पेक्षा ‘लोकांत मिसळून राहणे’ म्हणावं. साधेपणा एकट्यालाही जमतो, मिसळायला समोरचा लागतो.

आणि पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं केडगाव आमच्या शेजारी, म्हणून हेही सांगायला हवं. पंडिता रमाबाईंनी आपल्या आत्मनिवेदनात लिहिलं आहे की चायना इनलँड मिशनची हकीकत, ब्रिस्टलला अनाथाश्रम चालवणारे जॉर्ज म्युलर आणि न्यू हेब्रिडीज बेटांवरचे मिशनरी जॉन पेटन यांची चरित्रं वाचून त्यांच्या मनात आलं, देवावर असंच अवलंबून राहणं हिंदुस्थानात का जमू नये? अमेरिकेतल्या त्यांच्या मदतमंडळाने दहा वर्षांचा वायदा केला होता, तो १८९८ मध्ये संपला. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली तेव्हा मुक्तीमध्ये जेवत होत्या.

वर आलेला ‘अयाचित’ हा शब्द रमाबाईंच्या बाबतीत मला फार जवळचा वाटतो. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक. कुटुंब तीर्थोतीर्थी फिरायचं, पुराण सांगायचं, आणि ऐकणारे न मागता जे ठेवतील त्यावर चालायचं. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात देणारे हातच रिकामे झाले. भीक मागायची नाही हा बाणा आणि अंगमेहनतीची सवय नाही. आई, वडील आणि थोरली बहीण, तिघंही भुकेने गेले. अयाचित वृत्ती कुठवर तारते आणि कुठे संपते, हे या बाईने पाहिलेलं होतं. तरी केडगावात त्यांनी पुन्हा ठरलेल्या उत्पन्नावाचून राहायचं पत्करलं. पण या वेळी विहिरी खणल्या, शेती केली, मुलींना हाताचं काम शिकवलं, आणि त्याबरोबर प्रार्थना. म्हणून ‘विश्वासावर राहणे’चा अर्थ ‘हात बांधून बसणे’ असा कोणी लावला तर तो केडगावात येऊन दुरुस्त करावा.

प्रतिसाद, वसईहून

आमच्या कॅथलिक मंडळींत ‘विश्वास’पेक्षा ‘श्रद्धा’ जास्त ऐकू येतो, त्यामुळे ‘श्रद्धेवर राहणे’ कोणी म्हणत नाही. पण प्रभूच्या प्रार्थनेत रोजची भाकर आहेच. गोव्यात हीच ओळ कोंकणीत ‘दिसपट्टो गिरास’ अशी म्हणतात. गिरास म्हणजे घास. ‘दिसपट्टो’ म्हणजे त्या त्या दिवसाचा. मिशनरी आयुष्याला मला हा शब्द नेमका वाटतो, त्यात उद्याचा साठा येत नाही.

प्रश्नकर्तीकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. एक ठिकाण अजून अडलं आहे. १८६७ मध्ये टेलर यांची आठ वर्षांची ग्रेस हांगचौजवळ गेली. १८७० मध्ये आधी लहानगा सॅम्युएल, मग जुलैत तेरा दिवसांचं बाळ आणि तीन दिवसांनी पत्नी मरिया, वय तेहेतीस. इथे ‘त्यांनी प्रार्थना केली’ एवढंच लिहिलं की फार कोरडं वाटतं. आणि ‘प्रार्थना ऐकली गेली नाही’ लिहायला हात धजत नाही.

प्रतिसाद, नगरहून

ताई, इथे ‘प्रार्थना’ हा एकच शब्द सगळीकडे वापरू नका. आपल्या स्तोत्रांच्या मराठीत जुने जाणते शब्द आहेत. मूल तापाने फणफणत असताना बाप करतो तो ‘धावा’. ‘संकटसमयी माझा धावा कर’ आपण म्हणतोच, आणि द्रौपदीचा धावा ऐकलेल्या कोणत्याही वाचकाला त्यातली घाई कळते. गेल्यानंतर देवापुढे बसून मांडतो ते ‘गाऱ्हाणं’. कोकणात गावच्या देवापुढे घालतात तेच. त्यात तक्रार असते आणि नातंही असतं, कारण परक्यापुढे कोणी गाऱ्हाणं घालत नाही. आणि त्यानंतरचं जे आहे त्याला मंडळीत ‘स्वाधीन करणे’ म्हणतात. ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ यातलं. हे तिन्ही एका माणसाने एकाच आठवड्यात केलेलं असू शकतं. ‘स्वाधीन केलं’ आधी लिहून धावा गाळलात तर तो माणूस दगडाचा वाटेल. टेलर तसे नव्हते. मरियाच्या मागे ते आजारी पडले, एकटे पडले, १८७१ मध्ये इंग्लंडला गेले, आणि तरी पुढच्या वर्षी चीनला परत आले.

‘ऐकली गेली नाही’ हे माझ्या मते लिहूच नका. भीतीने नव्हे. ऐकणं आणि देणं ही मराठीत दोन क्रियापदं आहेत, ती वेगळी ठेवावीत. ‘मागितलं ते मिळालं नाही’ असं सरळ लिहा. ते खरं आहे.

प्रतिसाद, पुण्याहून

माझे ‘आकाशवृत्ती’ आणि ‘अयाचित’ मागे घेत नाही, पण नगरच्या दादांची दुरुस्ती मान्य. एक भर घालतो. टेलर यांच्या घरात भिंतीवर दोन हिब्रू शब्द असत, ‘एबनेजर’ आणि ‘यहोवा यिरे’. पहिल्याचा आशय, इथवर परमेश्वराने साहाय्य केलं. दुसऱ्यातलं ‘यिरे’ मुळात ‘पाहणे’ या धातूचं, आणि अर्थ घेतला जातो ‘पुरवील’. इंग्रजीत हा सांधा समजावून सांगावा लागतो, मराठीत लागत नाही. ‘जेवणाचं मी पाहतो’, ‘म्हातारपणी आईला कोण पाहतं?’ असं आपण रोज बोलतो. ‘परमेश्वर पाहून देईल’ हे म्हणूनच कानाला उपरं वाटत नाही. तुमच्या मैत्रिणीसाठी हे वाक्य चालेल का पाहा : ‘टेलर यांनी आपली गरज माणसांना सांगितली नाही, देव पाहील या भरवशावर ते राहिले.’

प्रश्नकर्तीकडून

हे चालेल, जसंच्या तसं घेते. शेवटचं एक : मिशनकडे जमलेले पैसे कामकऱ्यांना पाठवले जायचे, त्याला ‘मानधन’ लिहू का?

प्रतिसाद, नगरहून

नको. मानधन ठरलेलं असतं. इथे ठरलेलं काहीच नव्हतं. जेवढं आलं तेवढ्यातून प्रत्येकाला मिळायचं, कमी आलं तर सगळ्यांनाच कमी. ‘वाटा’ लिहा.